फितुऱ्याची बखळ

माझ्या लबाड्या पकडण्यात माझ्या बायकोचा हात कुणी धरणार नाही, पण ही एक तिच्याही हाती लागली नाही. मुलाला ठाऊक नाही. ज्याने ती छापली त्या संपादकालाही अर्धीच ठाऊक होती, आणि तो गेला. म्हणजे ऐकणारे तुम्हीच पहिले. जरा सबुरीने घ्या — मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. जन्मभर शाळेत मराठी शिकवली, आणि आमच्या धंद्यात सरळ बोलायची सवय राहत नाही.

शब्दापासून सुरुवात करू का? शब्दाची मला भीती वाटत नाही, माणसाची वाटते. तर — फितूर. हा शब्द ऐकला की तुम्हाला काय दिसतं? गडाचा दरवाजा आतून उघडून देणारा माणूस. कोर्टात ऐनवेळी जबानी फिरवणारा साक्षीदार. बरोबर आहे, आज तोच अर्थ आहे. पण पनवेलला मोहल्ल्यातून खाडीकडे उतरताना डाव्या हाताला एक मोकळी जागा होती, होड्यांची जुनी लाकडं पडलेली असायची तिथे. जुनी माणसं तिला फितुऱ्याची बखळ म्हणायची. हा फितुऱ्या कोण, हे नवीन पनवेलच्या किंवा खारघरच्या लोकांना ठाऊक असायचं कारण नाही. मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

ती बखळ सालेह अरबाची. माझा बालमित्र इस्माईल, त्याचे वडील याकूबचाचा, आणि याकूबचाचांचा बाप हा सालेह. मी त्याला पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच तो वारला. पण इस्माईलच्या ओटीवर बसून त्याची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली, की चाचा चुकले तर मीच दुरुस्त करायचो. चाचा हसायचे आणि म्हणायचे, याच्या पोटात माझा बाप शिरलाय.

सालेह अदनच्या मागच्या डोंगरातला, उंट हाकणारा. अदन इंग्रजांनी घेतलं ते बंदरासाठी. पण बंदराला पाणी लागतं, चारा लागतो, रस्ता लागतो — मग साहेब एकेक पाऊल डोंगराकडे सरकायला लागला. सालेहच्या गावच्या खिंडीत चौकी बसली, येणाऱ्याजाणाऱ्या उंटावर पट्टी बसली. गावचा शेख इंग्रजांचं मानधन खाऊन गप्प राहिला. सालेह आणि त्याचे काही सोबती नाही राहिले. चौकीवर दगड लोटायचे, तारा तोडायच्या, शिपायांची खेचरं पळवायची आणि परत कड्यात दिसेनासं व्हायचं, असं त्यांनी काही वर्षं चालवलं. शेवटी साहेबाने त्यांचा पाठलाग सोडला आणि सगळ्या विहिरींवर पहारे बसवले. डोंगरात माणूस भुकेला राहू शकतो, तहानलेला नाही. पाण्यावर आले आणि सापडले.

सोबत्यांना फाशी झाली. सालेह एकटा राहिला.

का राहिला? ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याने बायकोला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. वयाने लहान होता म्हणून? एखाद्या साहेबाला दया आली म्हणून? की त्याचं त्यालाही कळलं नव्हतं? ओटीवर गोष्ट इथे आली की याकूबचाचा थोडे थांबायचे, आणि मग पुढची बोट पकडायचे. अदनचा कारभार तेव्हा मुंबईहून चालायचा, म्हणून सालेहला बोटीत घालून मुंबईला आणलं. काही वर्षं तुरुंग. मग पनवेलमध्ये मोकळा — मोकळा म्हणजे, खाडी ओलांडायची नाही आणि दर आठवड्याला चावडीवर हजेरी द्यायची. मोहल्ल्यातच त्याचं लग्न झालं, याकूबचाचा झाले. त्याला 'प' म्हणता यायचा नाही. मरेपर्यंत तो बनवेलात राहिला. इस्माईलच्या घरात अजूनही कुणी बाहेरगावी निघालं की थट्टेने विचारतात, बनवेलला परत कधी?

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढे तीच मी गाळली. त्या काळी अरबांची गलबतं पनवेलच्या बंदरात यायची, खजूर उतरवून लाकूड भरायची. सालेह त्यांच्या फटी बुजवायचं काम करायचा, कापूस आणि चरबी ठोकून. त्या गलबतांचे तांडेल त्याच्याच भाषेत त्याला सांगायचे — चल, तळात झोप, डोळे उघडशील तेव्हा घर दिसेल. तो गेला नाही. मोहल्ल्यातला एक म्हातारा त्याला जामीन होता, सालेह पळाला तर तो आत गेला असता. एवढ्यासाठी हा माणूस नाही गेला. घरची वाट बंदरात येऊन उभी राहायची, आणि हा तिच्या फटी बुजवून तिला परत पाठवायचा.

आणि आणखी एक. शब्बेबरातला सगळा मोहल्ला कब्रस्तानात जाऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर फातिहा वाचतो. सालेहच्या रक्ताचं पनवेलच्या मातीत कुणीच नव्हतं. तो कुंपणाशी उभा राहून फाशी गेलेल्या सोबत्यांची नावं घ्यायचा आणि त्यांच्यासाठी वाचायचा. लहानग्या याकूबकडून त्याने ती नावं पाठ करून घेतली, आपण पोरांकडून पाढे करून घेतो तशी. सालेह गेल्यावर याकूबचाचा बापाच्या कबरीशी उभे राहून आधी ती नावं घ्यायचे, मग बापाचं. मी इस्माईलबरोबर हलव्याच्या आशेने जायचो, तेव्हा ऐकली आहेत. 'बिन', 'बिन' करत जाणारी लांबलचक नावं. ती कबर, तिच्या शेजारी चाचांनी स्वतःसाठी सांगून ठेवलेली जागा — मी सगळं पाहिलेलं होतं.

आता माझ्या घराकडे येतो. टाळत होतो, कळलं असेल तुम्हाला.

माझा आजा चावडीवर कारकून होता. सालेहची हजेरी घेणारा कारकून. त्याच्या नावापुढे दप्तरात 'फितुरी' हा शब्द लिहिणारा हात माझ्या आजाचा. आजा म्हातारपणी पडवीत बसून जुने किस्से सांगायचा, तेव्हा मी एकदा विचारलं होतं — सालेहने कोणाला फसवलं? आजा म्हणाला, फसवलं कुठे रे, फितूर म्हणजे बंड, सरकारवर उठवलेलं. आमच्या दप्तरी भाषेत तोच शब्द. जुन्या कागदांत तुम्हाला हा शब्द या अर्थाने भेटेल. म्हणजे बघा — मोहल्ल्याने ज्याला फितुऱ्या म्हटलं ते बंडवाला म्हणून. अदबीने म्हटलं. पुढे दप्तरं बंद झाली, शब्द फिरला, आणि नाव तेवढं राहिलं.

लहानपणी एकदा पंधरा ऑगस्टला शाळेत गुरुजींनी विचारलं होतं, कोणाच्या घरात इंग्रजांशी कोण लढलं? इस्माईलने हात वर केला. गुरुजींनी त्याला पुढे बोलावून सगळी गोष्ट सांगायला लावली, आणि त्यात 'चावडीवर याच्या आजोबांकडे हजेरी' असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला वाटलं माझाही मान होतोय. वर्ग माझ्याकडे बघून हसला. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून? मी पण तेच म्हणतो. पण ते हसू मला अजून ऐकू येतं, हे खरं आहे.

आमच्या गावात एक साप्ताहिक निघायचं, चार पानी. दोन हजार सालानंतर काही वर्षं मी त्यात एक सदर लिहीत होतो, गावातल्या जागांच्या नावांवर. खाली सही 'खोडकर'. खोडकर कोण, हे संपादकाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. टोपणनाव घेतलं ते शाळेची परवानगी नको म्हणून, आणि — खरं सांगू? — वाचनालयाच्या बाकावर बसून लोक खोडकरची तारीफ करताना ऐकायला मजा यायची. मीही मध्येच त्याच्या चुका काढायचो. फार हुशार समजायचो मी स्वतःला.

एका आठवड्याला विषय सुचेना, म्हणून बखळ घेतली. आधी खरं ते लिहिलं. फितूर म्हणजे जुन्या मराठीत बंड, हा अरब इंग्रजांविरुद्ध उठला म्हणून हे नाव. बरोबर होतं, नीट होतं, आणि पाणी घातलेल्या ताकासारखं होतं. संपादकाने वाचलं आणि म्हणाला, "सर, यात खोडकर कुठाय?" मी हसत हसत म्हटलं, मग असं करू का, सोबत्यांची नावं देऊन सुटला म्हणून फितुऱ्या? तो खुर्चीत मागे रेलून हसला. "हे लिहा. हे लोक वाचतील."

मी ते लिहिलं.

चुकून नाही, हे ध्यानात घ्या. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की शब्दाच्या अर्थात गफलत झाली, कुणाचीही होते. गफलत नव्हती. मला अर्थ माहीत होता, माझ्या आजाने सांगितलेला होता. सोबती लटकले आणि सालेह एकटा राहिला, ही गोष्ट छापील कागदात कुठेच नव्हती, ती फक्त एका ओटीवर सांगितली जायची, आणि ऐकणाऱ्यांत बाहेरचा असा मी एकटा होतो. चाचा जिथे थांबायचे, नेमक्या त्या जागी मी माझी थाप भरली. जामिनाची गोष्ट टाकली असती तर थाप टिकली नसती, म्हणून ती गाळली. शेवटी एक चुरचुरीत वाक्यही टाकलं, की विहिरीवर पाणी मिळालं ते एकालाच. आवडलं होतं मला ते वाक्य. दोनदा वाचून पाहिलं होतं.

मुंबईत तेव्हा स्फोट होऊन गेले होते आणि हवा वाईट होती. अशा हवेत अरबाच्या फितुरीची गोष्ट लोकांना गोड लागणार, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. वाचनालयात तो अंक हातोहात फिरला. एकजण म्हणाला, "यांचं रक्तच तसं." मी पेपरात डोकं घातलं.

इस्माईल तिसऱ्या का चौथ्या दिवशी आला, अंकाची घडी खिशात घेऊन. तो चिडलेला असता तर मला सोपं गेलं असतं. तो गोंधळलेला होता.

"वश्या, ह्यो खोडकर कोन हाय? तुला पत्ता लागंल. आपली गोष्ट याला कुनी सांगितली?"

मी म्हटलं, मोहल्ल्यातच कुणीतरी बोललं असेल. हे बोलताना मी त्याला पाणी दिलं, पंखा वाढवला. तो म्हणाला, तू त्यांना एक खुलासा लिहून दे, तुझं नाव असलं की छापतील. मी म्हटलं, उगाच चिखलात दगड कशाला मारतोस, चार दिवसांनी लोक विसरतील. आणि त्याने ऐकलं. त्याला वाटलं, मास्तर आहे, मित्र आहे, जगाचं याला जास्त कळतं. चहा पिऊन गेला.

लोक विसरले, ते खोटं नाही. एक माणूस विसरला नाही.

याकूबचाचा तेव्हा पंचाऐंशीच्या घरात होते. दृष्टी अधू झालेली, अंक त्यांना कुणीतरी वाचून दाखवला होता. कुणी, ते इस्माईलने मला कधी सांगितलं नाही. चाचांचं बोलणं कमी झालं. नमाजाला मशिदीत जायचे, ते घरीच पढायला लागले. इस्माईल म्हणाला, अब्बा तुझी आठवण काढतात, ये एकदा. मी कामं सांगत राहिलो — तपासायचे पेपर, बायकोचा गुडघा. शेवटी गेलो.

ओटीवर खाट होती. इस्माईल दाराशी उभा. चाचांनी माझा हात चाचपून धरला आणि सोडला नाही.

"वसंता, तू शिकलेला हायस. आमाला काय कलत नाय." मग तोंड माझ्याकडे वळवलं. "माझ्या बापानं त्यांची नावां दिली का रं?"

मी मान वळवून दाराकडे पाहिलं.

"वर्साचा एक दिस तो जेवायचा नाय. आमी समजलो, दोस्तांचा गम हाय. मंग ती नावां मला पाठ करायला लावली. कशापाई लावली? माफी मागायला लावली का?"

बघा, म्हाताऱ्याने सगळं उलटं करून पाहिलं होतं. बापाचा उपास, बापाची फातिहा, बापाचं गप्प राहणं, आयुष्यभर ज्या गोष्टींवर तो ताठ उभा होता त्या सगळ्या. माझ्या चार ओळींनी त्या सगळ्यांना दुसरा अर्थ दिला होता, आणि वाईट हे की तो अर्थही बसत होता. खोटं बेमालूम जुळलं होतं, कारण जोड नेमका कुठे बसेल ते मला ठाऊक होतं.

तेव्हा काय बोलायला हवं होतं, सांगा? "चाचा, मी बनवलं ते. मीच खोडकर. माझ्या मनचं आहे." एवढंच. एका वाक्याचं काम होतं. आणि नसेल एवढी हिंमत, तर निदान — "साफ खोटं आहे, चाचा, जो माणूस जामिनासाठी घरी गेला नाही, तो सोबत्यांना विकेल का?" असं म्हणता आलं असतं. त्यात माझं नावही आलं नसतं. तेसुद्धा मी म्हटलं नाही. का? इस्माईल दाराशी उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, मी फार ठामपणे बोललो तर हा विचारेल, तुला कसं माहीत?

मी म्हणालो, "चाचा, शंभर वर्षांमागचं कोण सांगणार? पण छापणाऱ्याने काहीतरी बघूनच छापलं असेल."

हे आहे ते. लेख लिहिला तो हलकटपणा होता, पण या वाक्याला मला अजून शब्द सापडलेला नाही, आणि शब्द शोधणं हाच माझा धंदा. जिवंत माणसाने माझा हात धरून विचारलं, आणि मी माझ्याच थापेची साक्ष दिली.

चाचांनी हात सोडला. रागाने नाही. "हां," म्हणाले, "छापलाय म्हंजे बघितला आसंल." मग आतून चहा आला.

पुढच्या शब्बेबरातला इस्माईल त्यांना रिक्षात घालून कब्रस्तानात घेऊन गेला. हे मला इस्माईलने सांगितलं. चाचा बापाच्या कबरीशी थांबले नाहीत. दूर कुंपणाशी, जिथे सालेह उभा राहायचा तिथे जाऊन त्यांनी ती नावं घेतली, एकेक नाव, आणि प्रत्येक नावानंतर रडले. बापाचं नाव घेतलं नाही. परत येताना रिक्षात म्हणाले, "मला बाबाच्या बाजूला ठेवू नको. वर गेल्यावर मला त्या लोकांना तोंड दाखवायचा हाय." इस्माईलने समजूत घातली, भांडला, मोठ्या मौलानांना घरी आणलं. म्हातारा हलला नाही. बाप गद्दार होता, हे त्याने आमच्या गावच्या चार पानी पेपरवरून मान्य केलं होतं, आणि ते मान्य करूनच तो काही महिन्यांत गेला.

मी दफनाला होतो. त्यांना पार दुसऱ्या टोकाला ठेवलं, भिंतीलगत, जिथे परगावचे लोक ठेवतात. सगळ्यांनी माती दिली तशी मीही दिली. सालेहच्या शेजारची जागा तशीच होती, गवत वाढलेली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कुणाला तरी दिली.

ती नावं इस्माईलला येत नाहीत. अब्बा म्हणायचे, आम्ही आमीन म्हणायचो, असं तो सांगतो. चाचांनी शेवटी त्याला ती शिकवली नाहीत. म्हणाले, हा गुन्हा माझ्यापाशी संपू दे. मी लहानपणापासून ऐकली होती, आणि मला एकही आठवत नाही. गावातल्या प्रत्येक ओढ्याच्या नावाची व्युत्पत्ती सांगतो मी. इंग्रजांनी त्या माणसांना एकदा फाशी दिली. त्यांची नावं घेणारा जगात एक माणूस उरला होता, तो मी गप्प केला.

खुलासा छापता आला असता, साप्ताहिक पुढेही बरीच वर्षं चाललं. सदरही चाललं. लोकांच्या आग्रहास्तव.

कब्रस्तानातून बाहेर पडताना इस्माईलने माझा खांदा धरला होता. तो म्हणाला, "अब्बा शेवटाला तुझ्याशीच मोकलं बोलले. तू आलास ते बरं झालं." मी म्हटलं, असू दे रे.

बखळ विकली, तिथे इमारत उभी आहे. इस्माईल आता मुलाकडे राहतो, खारघरला, नवव्या मजल्यावर. ईदला त्याच्याकडून शीरखुर्मा येतो, आणि तो मी खातो. त्याला मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.